पावाबरोबर पुस्तक: पंधराव्या शतकातल्या एका इंग्रज गृहस्थाच्या जेवणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या वॉरिकशायर परगण्यात कोटन कोर्ट ही थ्रॉकमॉर्टन घराण्याची जुनी हवेली आहे. या घराण्याच्या दफ्तरात चर्मपत्राचा एक तुकडा टिकून राहिला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, लॅटिनमध्ये लिहिलेला. डब्ल्यू. ए. पँटिन या इतिहासकाराने 1976 साली तो छापून प्रसिद्ध केला. ज्याच्यासाठी तो लिहिला त्याचं नाव त्यावर नाही आणि लिहिणाऱ्याचंही नाही, म्हणून इथे मी त्यांना ‘गृहस्थ’ आणि ‘मार्गदर्शक’ एवढंच म्हणणार आहे.

मजकूर वाचला की माणूस मात्र डोळ्यांपुढे उभा राहतो. तो धर्मगुरू नाही, मठवासी नाही. लॅटिन वाचता येणारा, लग्न झालेला, मुलंबाळं असलेला, घरात बऱ्यापैकी वर्दळ असलेला गृहस्थ आहे. देवाच्या ओढीने त्याने कुणा जाणत्याला विचारलं असावं, की संसारात राहून मी दिवस कसा काढू? त्या विचारण्याचं उत्तर म्हणजे हा तुकडा. उठल्यावर क्रूसाची खूण करण्यापासून रात्री निजण्यापर्यंत एकेका वेळेची सूचना त्यात आहे, आणि हे कायम बटव्यात बाळगा असंही बजावलंय. म्हणजे हा ग्रंथ कपाटात ठेवायचा नव्हता. रस्त्याने जाताना, मेजावर बसताना अंगाशी असावा म्हणून लिहिला होता.

दिवसातल्या सगळ्या प्रसंगांपैकी मला सर्वांत जास्त धरून ठेवतो तो जेवणाचा. चर्चमध्ये काय करायचं हे चर्चने आधीच ठरवलेलं असतं. जेवण मात्र घराचं असतं, आणि घरात देवाचं किती व कसं आणायचं याचा निर्णय घरालाच घ्यावा लागतो.

मेजावर तेव्हा काय म्हटलं जाई

प्रकरण नीट कळायला आधी ती लॅटिन प्रार्थना पाहायला हवी. जेवणाआधीचा गाभा असा: ‘बेनेदिक, दोमिने, नोस एत हेक तुआ दोना’. हे प्रभो, आम्हाला आणि तुझ्या औदार्यातून आम्ही आता घेणार आहोत त्या या तुझ्या दानांना आशीर्वाद दे. आठव्या शतकातल्या, पोप गेलासियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनासंग्रहापर्यंत या वाक्याचा माग लागतो. मेजावर हे वाक्य म्हणण्याआधी बहुतेक ठिकाणी बायबलच्या स्तोत्रसंहितेतली ओळ येई, ‘ओकुली ओम्नियुम’: सगळ्यांचे डोळे तुझ्याकडे लागलेले आहेत, आणि तू त्यांना वेळेवर अन्न देतोस. जेवण झालं की ‘आगिमुस तिबी ग्रातियास’, तुझ्या सगळ्या उपकारांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. दुपारच्या मुख्य जेवणाला एक ओळ आणि संध्याकाळच्या जेवणाला दुसरी, असाही फरक होता. दुपारी स्वर्गातल्या मेजावर आम्हाला वाटा मिळो अशी मागणी असे, तर संध्याकाळी चिरंतन जीवनाच्या भोजनाला आम्हाला नेऊन पोचव अशी.

मठात हे सगळं एका मोठ्या चौकटीत बसलेलं असे. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत जेवणासाठी स्वतंत्र प्रकरणं आहेत. 38 वं प्रकरण वाचकाबद्दल आहे. आठवड्याचा वाचक नेमलेला असायचा, तो रविवारी काम सुरू करताना ‘प्रभो, माझे ओठ उघड’ ही ओळ तीनदा म्हणवून घ्यायचा, आणि तो वाचत असताना कुणी कुजबुजायचंही नाही. मीठ हवं असेल तर खुणेने मागायचं. वाचकाला उपाशीपोटी वाचणं जड जाऊ नये म्हणून आधी थोडी पाणी घातलेली वाइन देत. हा तपशील मला फार आवडतो, नियम लिहिणाऱ्याने भूक विसरली नव्हती. 43 व्या प्रकरणात प्रार्थनेच्या ओळीला वेळेवर न पोचणाऱ्यांची व्यवस्था आहे: दोनदा समज द्यायची, मग त्याने एकट्याने जेवायचं आणि वाइनचा वाटा सोडायचा. म्हणजे जेवणाच्या प्रार्थनेला उशीर हा अपराध होता.

अकराव्या शतकात सेंट गॅलच्या मठातल्या चौथ्या एक्केहार्टने तर पदार्थांगणिक लॅटिन आशीर्वादाच्या ओळी रचल्या. पाव, मासे, अस्वलाचं मांस, अगदी बीव्हरसुद्धा, आणि बीव्हरला मासा म्हणून आशीर्वाद, कारण पाण्यातल्या प्राण्याचं मांस उपासाला चालतं. ही विद्वानाची रचना होती, कुठल्या घरात रोज म्हटली जाणारी नाही. पण ताटातल्या एकेका वस्तूला नाव घेऊन देवापुढे धरण्याची ओढ त्यात दिसते.

सामान्य घरांपर्यंत हे लॅटिन दोन वाटांनी पोचलं. मोठ्या घरात पगारी धर्मगुरू असे. मेजावर चादर अंथरली, हात धुतले गेले, की तो उभा राहून आशीर्वाद म्हणे. गरिबांसाठी दानपात्र मेजावर ठेवलेलं असे. दुसरी वाट मुलांच्या बाराखडीच्या पुस्तकाची. मुलं अक्षरं शिकली की लगेच ‘पातेर नोस्तेर’ (‘हे आमच्या पित्या’), ‘आवे मारिया’ (‘नमो मारिया’), श्रद्धाकथन आणि जेवणाच्या प्रार्थना शिकत. अक्षर लावून वाचता येणं एक आणि लॅटिन कळणं वेगळं. व्याकरण पुढे, जमलं तर. कित्येक मुलं ‘बेनेदिचिते’ हा शब्द स्पष्ट म्हणत, पण त्याचा अर्थ ‘आशीर्वाद द्या’ असा आहे हे त्यांना ठाऊक असेलच असं नाही. त्यांच्या लेखी तो शब्द म्हणजे जेवण सुरू होण्याची खूणच. पुढे फ्रेंचमध्ये जेवणाआधीच्या प्रार्थनेचं नावच त्या शब्दावरून पडलं, आणि इंग्लिशमधला ‘ग्रेस’ लॅटिनच्या ‘ग्रातिए’वरून आला.

अडचण

आता आपल्या गृहस्थाकडे. त्याच्याकडे जेवणाची प्रार्थना नव्हती असं मुळीच नाही. ती सुरुवातीला आणि शेवटी होत असणार. अडचण होती मधल्या वेळेची.

आशीर्वाद अर्ध्या मिनिटात होतो. त्यानंतर तासभर माणसं जेवतात, आणि जेवता जेवता बोलतात. शेजाऱ्याची निंदा, व्यवहाराच्या बढाया, नोकरांवरचा राग, चावट गोष्टी. मग सगळे उभे राहतात आणि पुन्हा लॅटिन. दोन पवित्र टोकं आणि मध्ये काहीही. मार्गदर्शकाने बोट ठेवलं ते इथेच: जिभेने व्यर्थ किंवा घातक बोलू नये म्हणून मेजावर वाचन असावं. त्याने आठवण करून दिली बायबलच्या शुभवर्तमानातल्या श्रीमंत माणसाची, ज्याच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी पडून असे. नरकात त्या श्रीमंताला सगळ्या अवयवांपेक्षा जिभेचा दाह जास्त झाला, असं मार्गदर्शक म्हणतो. मूळ कथेत तो श्रीमंत पाण्यात बुडवलेलं बोट जिभेला लावावं म्हणून गयावया करतो. ज्या जिभेने खाल्लं आणि बोललं, तिचीच आग. जेवणाच्या मेजावर सांगायला याहून नेमकी कथा सापडणं कठीण.

दुसरी अडचण भाषेची. गृहस्थाला लॅटिन येत होतं. बायकोला आणि बाकीच्यांना येत नव्हतं, निदान समजण्याइतकं नाही, कारण त्यांच्यासाठी बोलीत उलगडून सांगा अशी वेगळी सूचना द्यावी लागली. एकाच मेजावर एक माणूस अर्थासकट प्रार्थना करतोय आणि बाकीचे आवाजासकट, अशी स्थिती.

तिसरी अडचण फारशी कुणी बोलून दाखवत नाही, पण मला ती मोठी वाटते. मठातल्या जेवणानंतरच्या लांब प्रार्थनेत ‘आमचं भलं करणाऱ्या सगळ्यांना, प्रभो, चिरंतन जीवनाचं फळ दे’ अशी विनंती असे. मठवाशांना अन्न देणारे दाते भिंतीबाहेर असत, त्यांच्यासाठी ही प्रार्थना. घरात मात्र अन्न देणारा स्वतः मेजाच्या मुख्य जागी बसलेला. धन्याच्या देखत, धन्याच्या पगारी धर्मगुरूने म्हटलेली आभाराची प्रार्थना सहज धन्याच्या मोठेपणाचा समारंभ होऊन बसते. भक्ती आणि मिरवणं यांच्यात इथे एका पावलाचंच अंतर उरतं.

समोर असलेले पर्याय

आहे तसं चालू ठेवणं हा सगळ्यात सोपा. दोन्ही टोकांना लॅटिन, मध्ये घराची रीत. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, बहुतेक सभ्य घरांत हेच होत असे.

दुसरा पर्याय रीतीशी गोड जुळवून घेण्याचा, आणि त्याचं सुंदर उदाहरण फ्रान्सचा राजा नववा लुई, जो 1270 मध्ये वारला आणि पुढे संत ठरला. त्याच्या सहवासात राहिलेल्या झ्वाँविलने लिहून ठेवलंय की जेवणानंतर सरदारांचे गायक-वादक आपली वाद्यं घेऊन आले, तर राजा त्यांचं गाणं पुरं होईपर्यंत थांबे, मग उठे, आणि धर्मगुरू त्याच्यापुढे उभे राहून आभाराची प्रार्थना म्हणत. प्रार्थनेसाठी गाणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. राजाची ही नजाकत मनाला भिडते. पण लुईचा दरबार मोठा होता, त्याचे धर्मगुरू बाजूला तयार उभे असत. आपल्या गृहस्थाच्या घरी गाणं संपलं असतं आणि पुढच्या गप्पा सुरू झाल्या असत्या.

तिसरा, मठ घरात आणणं. वाचक, मौन, खुणा, उशिरा येणाऱ्याला शिक्षा. चौथा, सगळंच इंग्लिशमध्ये करणं. आज आपल्याला हा चौथाच सरळ वाटतो, पण काळ पाहायला हवा. 1401 मध्ये इंग्लंडमध्ये पाखंड्यांना जाळण्याचा कायदा झाला. 1409 मध्ये आर्चबिशप अरंडेलच्या नियमांनी मंजुरीशिवाय बायबलचा इंग्लिश अनुवाद करायला आणि चौदाव्या शतकातला बंडखोर धर्मपंडित विक्लिफ याच्या काळापासून झालेले असे अनुवाद वाचायला बंदी घातली. घरात चार माणसं जमवून इंग्लिशमधून धर्मग्रंथ वाचणं ही लोलार्ड म्हणवल्या जाणाऱ्या पाखंडी गटांची ओळख मानली जाई. 1428 ते 1431 या काळात नॉरिचच्या बिशपपुढे झालेल्या खटल्यांत घरातलं बोलणं आणि वाचन पुरावा म्हणून पुढे आलं. मेजावर काय वाचलं हे नोकराने बाहेर सांगितलं तर काय होऊ शकतं, याचा विचार त्या काळच्या घरधन्याला करावा लागत होता.

पाचवा पर्याय आतला: तोंडाने रूढ लॅटिन म्हणायचं आणि खरी प्रार्थना मनातच चालू ठेवायची.

काय ठरलं

मार्गदर्शकाने यांतला एकही पर्याय सबंध उचलला नाही. टोकं तशीच ठेवली. जेवणानंतरची आभाराची प्रार्थना उभ्याने म्हणायची, हे स्पष्ट लिहिलं. मधल्या वेळेत मात्र त्याने तीन गोष्टी घातल्या.

पहिली वाचन. पाव जितक्या सहज मेजावर येतो तितक्या सहज पुस्तक यावं, असं तो लिहितो. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेन, आणि दर वेळी त्यातला ‘सहज’ मला थांबवतो. पुस्तक ही तेव्हा महागडी, हाताने लिहिलेली वस्तू. ती चादरीवर, रश्श्याच्या भांड्याजवळ, पावाच्या बरोबरीने. आणि वाचक? मठात नेमलेला एक जण आठवडाभर वाचायचा. इथे कधी या माणसाने, कधी त्याने, आणि मुलांना वाचता येऊ लागलं की मुलांनीही. बेनेडिक्टच्या नियमावलीत वाचक नीट वाचता येणाराच हवा, ऐकणाऱ्यांना त्याचा लाभ झाला पाहिजे, अशी अट आहे. मार्गदर्शकाने ती अट मुलांसाठी सैल केली. अडखळत वाचणारं मूल त्याला चाललं. मठाची रीत घरात आणताना त्याने केलेला हा सर्वांत शहाणा बदल, कारण मूल वाचत असलं की बाप आपोआप गप्प बसतो आणि कान देतो.

दुसरी गोष्ट बोलीत उलगडा. जे वाचलं त्यातलं काहीतरी बायकोला आणि इतरांना उपयोगी पडेल असं आपल्या भाषेत सांगायचं. म्हणजे ग्रंथ लॅटिन, अर्थ इंग्लिश, आणि सांगणारा घरचाच. 1409 च्या नियमांच्या चौकटीत राहून घरच्यांपर्यंत अर्थ पोचवायची ही वाट होती. ती मार्गदर्शकाने त्या बंदीकडे पाहून निवडली, असं मी म्हणणार नाही. पण त्या बंदीच्या काळात ती वाट त्यातल्या त्यात कमी धोक्याची होती, असं दिसतं.

तिसरी गोष्ट मौनाची. वाचन नसेल तेव्हा मनात चिंतन चालू ठेवा, आणि घरातल्या मंडळींनी मेजावर, जमेल तितकं, गप्प राहावं. ‘घरातली मंडळी’ म्हणजे त्या काळी नोकरचाकरांसकट सगळे.

आणि मग ती सूचना, जिच्यामुळे हा तुकडा अभ्यासकांच्या लक्षात राहिला. पावाच्या पाच कणांनी मेजावर क्रूस मांडता येईल, पण तो कुणाला दिसू देऊ नका, बायकोखेरीज.

निर्णयाच्या जागा

या कणांपाशी थोडं थांबायला हवं. पाच म्हटल्यावर आपल्याकडच्या कुणाला ताटाभोवतीच्या चित्राहुती आठवतील, पण त्यांच्याशी याचा संबंध नाही. पाच हा आकडा त्या काळच्या ख्रिस्ती माणसाला थेट ख्रिस्ताच्या पाच जखमांपाशी नेई: दोन हात, दोन पाय, एक कूस. या जखमांची भक्ती पंधराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये घराघरांत होती. मला यात आणखी एक धागा दिसतो. ज्या श्रीमंताची गोष्ट मार्गदर्शकाने सांगितली, त्याच्या दारातला लाजर मेजावरून पडणारे कणच तर मागत होता. त्याच मेजावर, त्याच कणांचा क्रूस. लिहिणाऱ्याने हे जाणून केलं की नकळत, त्याने फरक पडत नाही. ज्याला ती कथा पाठ होती त्याला कण पाहून ती आठवणारच.

पहिला खरा निर्णय इथे दिसतो तो लपवण्याचा. लॅटिन आशीर्वाद सगळ्यांसमोर, मोठ्याने, उभ्याने. पावाचा क्रूस मात्र बोटांखाली. का? मिरवण्याच्या भीतीने, असं मला वाटतं. वर म्हटलेली तिसरी अडचण आठवा. धन्याने सर्वांदेखत क्रूस मांडला असता तर दुसऱ्या दिवशी नोकरांनीही मांडला असता, आणि आठवड्याभरात ती घराची रीत झाली असती, धन्याच्या नावाने ओळखली जाणारी. मार्गदर्शकाने ती वाट आधीच बंद केली. सार्वजनिक भक्तीसाठी रूढ शब्द पुरेसे, आणि स्वतःची म्हणून जी भक्ती, ती शब्दांशिवाय.

दुसरा निर्णय बायकोचा, आणि तो मला एकाच वेळी हलवतो आणि खुपतो. सबंध घरात तिला एकटीला तो क्रूस पाहायची मुभा आहे. लॅटिन तिला कळत नाही, पुस्तक तिच्या हाती नाही, उलगडा तिने ऐकायचा आहे. पण पाच कण तिला वाचता येतात. नवऱ्याची सर्वांत खाजगी प्रार्थना तिला कळते ती भाषेशिवाय, एका मेजावर बसल्याने. लगेच पुढे मार्गदर्शक लिहितो की ती जितकी जास्त गप्प आणि सद्गुणी, तितकं तिच्यावर ख्रिस्तात अधिक मनापासून प्रेम करा. म्हणजे जवळीक दिली आणि त्याच ओळीत तिचा आवाज काढून घेतला.

तिसरी जागा वेळेची. जेवण आणि आभाराची प्रार्थना झाली की गृहस्थाने एका एकांताच्या जागी जावं, मर्जीतल्या दोन-तीन माणसांना बोलावून घ्यावं, आणि संध्याप्रार्थनेपर्यंत त्यांच्याशी बोलावं. मेजावर अडवलेलं बोलणं इथे मोकळं होतं, निवडक माणसांत. बोलण्याची माणसाला गरज असते हे मार्गदर्शकाला पुरतं ठाऊक होतं. त्याने ते तोडलं नाही, जागा बदलली. फक्त त्या खोलीत पुरुषच आहेत.

परिणाम

या घरात पुढे रोज वाचन झालं का, याची नोंद कुठल्या वहीत नाही, आणि असायची अपेक्षाही करू नये. हातात आहे तो परिणाम एवढाच, की तुकडा फेकला गेला नाही. बटव्यात ठेवायच्या कागदाचं आयुष्य साधारण तो बटवा असेपर्यंत. हा मात्र कुणीतरी घराण्याच्या दस्तऐवजांत, जमिनीच्या आणि वारशाच्या कागदांबरोबर, ठेवला. कागद ठेवणाऱ्याला तो मोलाचा वाटला होता.

रीत म्हणून मात्र ही गोष्ट एकट्या घरापुरती नव्हती. त्याच शतकाच्या अखेरीस यॉर्कची डचेस सेसिली नेव्हिल, चौथ्या एडवर्ड आणि तिसऱ्या रिचर्ड या राजांची आई, हिच्या घरची दिनचर्या लिहून ठेवलेली आहे. दुपारच्या जेवणाला तिच्याकडे धर्मवाचन होई. संतांची चरित्रं असत, स्वीडनच्या ब्रिजिटचे साक्षात्कार असत, सिएनाच्या कॅथरीनचं पुस्तक असे. आणि संध्याकाळच्या जेवणाला सेसिली स्वतः, दुपारी ऐकलेलं, समोर बसलेल्यांना आठवून सांगे. 1495 मध्ये ती वारली. तिच्या मेजावर लॅटिन आशीर्वाद टोकांना होताच, मधली जागा मात्र एका विधवेच्या आवाजाने भरलेली होती.

लॅटिन प्रार्थनेचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं आणि घरांतली प्रार्थना इंग्लिश झाली. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या काही महाविद्यालयांच्या भोजनगृहांत मात्र लॅटिन ग्रेस आजही म्हणतात. कॅथलिक जगात मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत लॅटिनमध्येच राहिली. ‘बेनेदिक, दोमिने’चं भाषांतर आज जगभरच्या कॅथलिक घरांत जेवणाआधी म्हटलं जातं. वसईतल्या एखाद्या घरात ताटावर बसून ‘हे प्रभो, आम्हाला आणि या तुझ्या दानांना आशीर्वाद दे’ असं म्हणणारं मूल त्याच आठव्या शतकातल्या वाक्याला मराठी आवाज देत असतं.

वेगळं काय करता आलं असतं

प्रार्थनेचे ठरलेले शब्द मी बदलले नसते. त्यांचं एक काम असतं, जे अर्थाच्या अलीकडचं आहे. सगळे एकदम उभे राहतात, एकदम थांबतात, भुकेला क्षणभर आवर घालतात. लॅटिन न कळणाऱ्या नोकरालाही ‘आगिमुस’ म्हटलं की आता उठायचं हे कळे, आणि त्या उठण्यात तो धन्याच्या बरोबरीने उभा असे. दिवसात असे क्षण थोडेच.

मी फेरविचार केला असता तो उलगड्याचा. मार्गदर्शकाने अर्थ सांगायचं काम एकट्या गृहस्थाकडे दिलं, कारण लॅटिन त्यालाच येत होतं. पण अर्थ सांगायला लॅटिन लागतं ते पहिल्याच वेळी. एकदा ऐकल्यावर पुन्हा सांगायला लॅटिन लागत नाही, लक्ष लागतं. मुलांना वाचायला बसवताना मार्गदर्शकाला हे सुचलं होतं: अडखळलं तरी चालेल, पण घरातल्या प्रत्येकाने कधीतरी शब्द हातात घ्यावेत. फक्त बायकोपाशी येऊन तो थांबला.

याच पेचातून गेलेला आणखी एक इंग्रज आपल्याकडे होऊन गेला, म्हणून त्याचा उल्लेख करतो. विल्टशायरचा थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला. चर्चमधली उपासना लॅटिनच होती आणि ती बदलणं त्याच्या हातात नव्हतं. पण गोव्याच्या साष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती लोकांना घरी वाचायला, म्हणायला त्यांच्या भाषेत काही नाही, हे त्याने ओळखलं. ग्रंथ वाचून तोंडी उलगडा करण्यावर तो थांबला नाही. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण त्याने मराठीत रचलं, ते 1616 मध्ये साष्टीतल्याच राचोल गावी छापलं गेलं. उपासनेची भाषा एक आणि घराची दुसरी, हे मान्य करून त्याने घराच्या भाषेला स्वतःचा ग्रंथ दिला. ओवी ऐकणाऱ्याला पाठ होते, आणि पाठ झालेलं पुढे कुणीही म्हणू शकतं, लॅटिन येवो न येवो.

आपल्या मार्गदर्शकाकडे 1409 च्या बंदीच्या छायेत तेवढी मोकळीक नव्हती. पण सेसिलीने पुढे जे केलं त्याला कुठल्याही नियमाची आडकाठी नव्हती. तिने नवा अनुवाद केला नाही, मंजुरी लागेल असं काही वाचलं नाही. दुपारी ऐकलेलं संध्याकाळी आपल्या शब्दांत सांगितलं. त्या चर्मपत्रावर, पाच कणांच्या सूचनेखाली, मी एवढंच जोडलं असतं: संध्याकाळच्या जेवणाला, हात धुऊन झाले आणि आशीर्वाद झाला, की दुपारी वाचलेलं तिला सांगू द्या, आणि तुम्ही मेजाच्या तुमच्या जागेवर बसून ऐका.